माथेरान ते सिद्धगड : भाई कोतवालांच्या मार्गाने

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील नेरळ हे गाव बहुतेक प्रवाशांच्या लेखी गाडी बदलण्याचे ठिकाण आहे. मुंबईहून कर्जत-खोपोलीकडे जाणारी लोकल येथे सोडायची आणि माथेरानच्या छोट्या गाडीत किंवा टॅक्सीत बसायचे, एवढाच त्याचा परिचय. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात मात्र नेरळ एका आयुष्याच्या मधोमध उभे आहे. गावाच्या नैर्ऋत्येस माथेरानच्या पठारावर १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला आणि ईशान्येस, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात, २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. त्यांना उणेपुरे तीस वर्षांचे आयुष्य लाभले. भाई कोतवाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वकिलाचे जन्मस्थान, कार्यक्षेत्र आणि मृत्युस्थान ही तिन्ही ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात, आणि त्या क्रमाने पाहिली असता चरित्रग्रंथात सहसा न जाणवणारी एक गोष्ट लक्षात येते : या माणसाने आधी धान्याचा प्रश्न हाती घेतला होता, विजेचे लोखंडी मनोरे पाडण्याची पाळी पुष्कळ नंतर आली.

प्रवासाचा पहिला टप्पा माथेरानचा. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हे पठार हेरले आणि पुढील काही दशकांत मुंबईच्या इंग्रज, पारशी व इतर धनिकांचे बंगले तेथे उभे राहिले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सोळा लाख रुपये खर्चून बांधलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांची रेल्वे १९०७ साली सुरू झाली आणि डोंगर चढण्याचे कष्ट गेले. जुम्मापट्टी, वॉटर पाईप आणि अमन लॉज ही स्थानके घेत सुमारे एकवीस किलोमीटरचा वळणावळणांचा मार्ग ही गाडी आजही कापते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद राहतो आणि अतिवृष्टीने रूळ वाहून गेल्यामुळे २००५ आणि २०१९ नंतर तर ती दीर्घकाळ थांबली होती. गावात मोटारींना प्रवेश नाही. मोटारी जेथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापुढे जांभ्याची तांबडी धूळ, घोडे आणि डोक्यावर सामान घेतलेले हमाल दिसतात. माणसांनी ओढायच्या हातरिक्षा येथे एकविसाव्या शतकातही चालू राहिल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये द्यावा लागला, यावरून या ठिकाणाची सामाजिक घडण पुरेशी स्पष्ट व्हावी.

कोतवालांचे घराणे नाभिक समाजातील आणि गरीब होते. महाराष्ट्रातील खेड्यांत नाभिक हा बलुतेदार असे. बलुतेदारी म्हणजे गावातील कारागीर व सेवा देणाऱ्यांनी वर्षभर काम करावे आणि सुगीला शेतकऱ्यांनी त्यांना धान्याचा ठरलेला वाटा द्यावा अशी व्यवस्था. माथेरानला असा जुना गावगाडा नव्हता. पठारावर ठाकूर, कातकरी आणि धनगर यांच्या वस्त्या होत्या व त्यांच्यावर बाहेरून आलेले हवापालटाचे गाव उभे राहिले होते, त्यामुळे येथील नाभिकाचे, घोडेवाल्याचे किंवा हमालाचे पोट शेतकऱ्याच्या खळ्यावर अवलंबून नसून पाहुण्यांच्या हंगामावर अवलंबून होते. पाऊस लागला की पाहुणे डोंगर उतरून जात आणि चुली थंडावत. अशा घरातील मुलाने शिकून कायद्याची पदवी घ्यावी, वकील व्हावे आणि ज्या गावात आपल्या समाजाने साहेबांच्या बंगल्यांची पायरी झिजवली त्याच गावच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षपद मिळवावे, ही त्या काळात असामान्य चढण होती. तेथून पुढे मुंबईतील वकिली आणि प्रतिष्ठेचे जीवन हा मार्ग मोकळा होता. कोतवालांनी डोंगराखालची खेडी निवडली.

त्या निवडीचा अर्थ कळण्यासाठी छोट्या गाडीने परत नेरळला उतरावे आणि बाजारपेठ ओलांडून कळंबच्या रस्त्याला लागावे. हिवाळ्याच्या आरंभी हा भाग पाहिला तर कापणी होऊन गेलेली खाचरे, त्यांच्या कडेला रचलेल्या भाताच्या उडव्या, म्हणजे झोडणीपूर्वी कणसांसकट रचून ठेवलेल्या गंजी, आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल असे चित्र दिसते. बांधाकडेला काही ठिकाणी काळे पडलेले चौकोन असतात, ते राबाचे. राब म्हणजे रोप करण्याच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून ती जमीन भाजून घेण्याची कोकणातील जुनी रीत. तिच्यामुळे तण मरते व रोपाला राखेचे खत मिळते. मालेगाव-दहिवलीजवळ रस्ता उल्हास नदी ओलांडतो. मोठ्या पावसात हा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा नेरळशी संपर्क तुटतो. रस्ते व वीज येऊनही जर आज असे होत असेल, तर १९३०-४० च्या दशकात आषाढ-श्रावणात ही गावे किती एकटी पडत असतील याचा अंदाज करता येतो.

नेमक्या याच महिन्यांत शेतकऱ्याच्या घरातले भात संपत असे. लावणीचे सर्वांत जड काम चालू, हाती पैसा नाही, नव्या पिकाला तीन महिने अवकाश, अशा वेळी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून खाण्यासाठी धान्य उसने आणावे लागे. त्याला खावटी म्हणतात. एक मण धान्य आणले तर सुगीनंतर दीड मण, आणि सावकार कडक असेल तर दोन मण परत करावे लागत. चार-पाच महिन्यांच्या मुदतीवर दीडपट परतफेड याचा अर्थ वर्षाचा व्याजदर शंभर टक्क्यांच्या पुढे जातो. परंतु खरा फास दरात नव्हता, पुनरावृत्तीत होता. खळ्यावरच दीडपट मोजून दिल्यामुळे घरी आलेले भात मागच्या वर्षीपेक्षा लवकर संपे, पुढची खावटी अधिक लवकर आणि अधिक घ्यावी लागे, आणि काही वर्षांत कुळाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याची, अवस्था आपल्याच खळ्यावर राबणाऱ्या गड्यासारखी होई. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याचे नाव पुढे रायगड झाले, हा असंतोष नवा नव्हता. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी न कसता संप चालवला होता.

कोतवालांनी कर्जत तालुक्यात यावर धान्यकोठी हा उपाय उभा केला. धान्यकोठी म्हणजे गावाने सामाईकपणे चालवलेली धान्याची पेढी : सुगीला जमा करायचे, पावसाळ्यात गरजू कुटुंबाने न्यायचे आणि नवे भात आल्यावर परत भरायचे, जेणेकरून वाढीव धान्य सावकाराच्या कणगीत न जाता गावाच्याच कोठीत राहील. सोबत त्यांनी शेतकऱ्यांसाठी आणि खेडुतांसाठी स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. कोठीचा हिशेब कोणी तरी वाचून पाहिल्याशिवाय कोठी चालत नाही आणि सावकाराचा कागद वाचता आल्याशिवाय अंगठा उमटवण्याची सवय सुटत नाही, हे लक्षात घेतले की या दोन कामांना वेगवेगळी मानणे चूक ठरते. सावकारशाहीविरुद्ध भाषणे करणारे पुष्कळ होते. सावकाराला पर्याय म्हणून धान्य मोजण्याचे माप आणि वही गावाच्या हाती देणारे थोडे होते.

या कामाचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धाने वाढवले. मुंबई आणि कोकणची तांदळाची गरज बरीचशी ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळावर भागत असे. मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्याने रंगून घेतले आणि तो पुरवठा थांबला. भाव चढले, साठेबाजांचे फावले आणि ज्याच्या कणगीत धान्य त्याची सत्ता अधिक घट्ट झाली. त्याच वर्षीच्या ‘चले जाव’ चळवळीकडे, म्हणजे ऑगस्ट क्रांतीकडे पाहताना मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरील ८ ऑगस्टची सभा आणि ९ तारखेच्या पहाटेची नेत्यांची धरपकड यांवरच दृष्टी खिळते, परंतु त्याच आठवड्यांत कर्जतच्या खेड्यांतून भाताची लावणी उरकत होती आणि घराघरांतील धान्य संपत आले होते, ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. कोतवालांना साथीदार मिळाले ते या भुकेच्या महिन्यांतल्या जुन्या विश्वासातून, असे मानण्यास पुरेसा आधार आहे. पत्रके वाटणाऱ्या माणसासाठी शेतकरी आपले घरदार पणाला लावत नाही.

नेरळ-कळंब परिसरातील मानिवली हे गाव त्या विश्वासाची साक्ष आहे. कोतवालांचे साथीदार हिराजी गोमाजी पाटील हे या गावचे. त्यांचे वडील गोमाजी पाटील हेही चळवळीत होते, आणि एकाच घरातील दोन पिढ्या भूमिगत कार्यात उतरणे याचा अर्थ त्या घराची शेती व गुरे वाऱ्यावर सोडणे असा होत असे. इतिहासात अशा घरातील बायकांच्या वाट्याला आलेल्या कामाची नोंद सहसा नसते. ऑगस्टच्या धरपकडीनंतर भूमिगत झाल्यावर कोतवालांनी जे पथक उभारले त्याला आझाद दस्ता म्हणत. सुमारे पन्नास जणांच्या या पथकात शेतकरी होते, शाळाशिक्षक होते आणि रानवाटा पायाखालच्या असलेली माणसे होती. जयप्रकाश नारायण यांनी नेपाळच्या तराईत याच नावाचे पथक पुढे १९४३ मध्ये उभे केले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दस्त्याने लक्ष्य निवडले ते वीजवाहिन्यांचे मनोरे. ही निवड समजून घेण्यासाठी कळंबच्या वाटेवरून थोडे आडवे होऊन भिवपुरीकडे जावे. मावळातील आंद्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून, ते पाणी बोगदा आणि पोलादी नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडून, टाटांनी भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ मध्ये चालू केले. त्याआधी १९१५ मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीचे केंद्र सुरू झाले होते आणि १९२७ मध्ये भिरा येथील तिसरे केंद्र त्यांना जोडले गेले. या केंद्रांतील वीज उच्च दाबाच्या तारांतून थेट मुंबईला जाई आणि गिरण्यांची चक्रे व लोकल गाड्या तिच्यावर चालत. डोंगरापलीकडच्या मावळ-मुळशीतील शेतकऱ्यांनी याच योजनेच्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ मध्ये सत्याग्रह केला होता. कर्जत-खालापूरच्या अंधारातील खेड्यांवरून जाणारी ही वीज त्या खेड्यांसाठी नव्हती. घाटावरच्यांची जमीन पाण्याखाली घालून आणि घाटाखालच्यांच्या डोक्यावरून तारा नेऊन उजळलेली मुंबई युद्धाचा माल पुरवत होती, तेव्हा तारा तोडणे म्हणजे सरकारच्या युद्धयंत्रणेला हात घालणे होते.

मनोरा पाडणे हे ताकदीपेक्षा चिकाटीचे काम आहे. लोखंडी पट्ट्या जोडून केलेला असा सांगाडा चार पायांवर उभा असतो; एका अंगाचे पाय कापले की तो कलून कोसळतो. रात्रीच्या वेळी, आवाज दूर जाऊ न देता, पोलादावर करवत चालवत राहायची, आणि शेवटच्या क्षणी मनोरा व उच्च दाबाच्या तारा कोणत्या बाजूला येतील याचा अंदाज बांधून दूर पळायचे, असे हे काम. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने असे अकरा मनोरे पाडले असे सांगितले जाते. त्यामुळे गिरण्या आणि रेल्वे यांचा वीजपुरवठा खंडित झाला. हाच पावसाळ्याच्या शेवटापासून भातकापणीपर्यंतचा काळ, म्हणजे दिवसा शेतात विळा चालवणारा माणूस रात्री करवत धरत होता. सरकारने कोतवालांना पकडण्यासाठी बक्षीस लावले आणि विशेष पोलीस पथके तालुक्यात आणली.

भिवपुरीच्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी आज राजनाला नावाच्या कालव्याने कर्जत तालुक्यातील शेतांना मिळते आणि त्यावर उन्हाळी भाताचे दुसरे पीक निघते. ज्या योजनेच्या तारा कोतवालांनी तोडल्या तिच्यातूनच बाहेर पडणाऱ्या पाण्याने खावटीची गरज काही अंशी कमी केली, या वस्तुस्थितीत विसंगती शोधण्याचे कारण नाही. पाणी तेव्हाही वाहत होते. ते कोणाच्या उपयोगी पडावे हा प्रश्न राजकीय होता आणि त्याचे उत्तर स्वातंत्र्यानंतर बदलले.

कळंबहून पुढे रस्ता मुरबाड तालुक्यात शिरतो आणि म्हसा गाव येते. पौष पौर्णिमेला येथे भरणारी यात्रा बैलांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ठाणे-रायगडात प्रसिद्ध आहे; इंग्रजी वर्षाच्या आरंभीच ती येत असल्यामुळे २ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला सिद्धगडाकडे निघालेल्या प्रवाशाला अनेकदा यात्रेच्या तयारीची लगबग दिसते. म्हशाहून उजवीकडे वळले की भातखाचरे मागे पडतात, चढ लागतो आणि सह्याद्रीची मुख्य भिंत समोर येते. गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांचे सुळके एका बाजूला राहतात व सिद्धगडाचा रुंद खांदा आणि त्यावरील बालेकिल्ला दिसू लागतो. किल्ल्याच्या माचीवर, म्हणजे कड्याखालच्या सपाट पट्टीवर, आदिवासी वस्ती होती. आजूबाजूचा प्रदेश आता भीमाशंकर अभयारण्यात मोडतो आणि शेकरू या मोठ्या खारीचे ते वसतिस्थान आहे.

दस्त्यातील भूमिगतांनी लपण्यासाठी ही जागा का निवडली हे नकाशापेक्षा प्रत्यक्ष पाहून लवकर कळते. खाली कोकणातून येणारी प्रत्येक वाट वरून दिसते, झाडी दाट आहे, झऱ्यांचे पाणी हिवाळाभर टिकते आणि गरज पडली तर कडा चढून आहुपे-भीमाशंकरच्या बाजूने पुणे जिल्ह्यात निसटता येते. शिवाय कर्जत आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या सीमेजवळ असल्याने एका पोलीस ठाण्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होई. जागेत दोष नव्हता. दोष होता तो रसदीत, कारण रानात लपलेल्या माणसांना खाली गावांतून धान्य आणि निरोप पोहोचवावे लागतात, आणि प्रत्येक निरोप्या हा शत्रूला सापडू शकणारा धागा असतो. त्या धाग्यावरूनच, एका जमीनदाराच्या फितुरीमुळे, पोलिसांना ठिकाण कळले असे सर्वत्र सांगितले जाते. ज्याच्या दीडपटीवर कोतवालांनी घाव घातला त्या वर्गातून हा वार यावा, यात आश्चर्य नाही.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलीस अधिकारी हॉल याच्या पथकाने मुक्काम वेढला. चकमकीत हिराजी पाटील ठार झाले. भाई कोतवाल गोळी लागून जखमी झाले आणि जखमी अवस्थेतच त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले, असा या प्रसंगाचा प्रचलित वृत्तांत आहे. जखमी माणसाला अटक करून त्याच्यावर खटला चालवणे कायद्याने शक्य होते. तो माणूस स्वतः वकील होता आणि न्यायालयात उभा राहिला असता तर त्याने धान्याचा हिशेबही मांडला असता. ९ ऑगस्टपासून मोजले तर हे सारे पाच महिन्यांच्या आत घडले.

सिद्धगडाच्या पायथ्याजवळ दोघांचे स्मारक आहे आणि दर वर्षी २ जानेवारीला तेथे कर्जत, मुरबाड, माथेरान व नेरळ येथून लोक येतात. पहाटेच्या वेळेचे महत्त्व असल्याने अनेकजण आदल्या रात्रीच पोहोचतात. नेरळमध्येही हुतात्मा स्मारक आहे, गावाजवळ कोतवालवाडी आहे, आणि २०२० मध्ये कोतवालांच्या जीवनावर मराठी चित्रपट येऊन गेला. स्मरणाची ही साधने आदरणीय आहेत, परंतु ती जवळजवळ सर्वच मृत्यूच्या तारखेभोवती बांधलेली आहेत. शाळांमधील भाषणांत मनोरे येतात, गोळी येते, फितुरी येते. धान्यकोठी एखाद्या वाक्यात उरकली जाते. दस्त्याचा पराक्रम शूर माणसांच्या हातून घडला हे खरे, मात्र ती माणसे एकत्र का आली, याचे उत्तर कोठीत आहे, आणि ते उत्तर गाळले तर कोतवाल हे केवळ धाडसी क्रांतिकारक उरतात व कर्जतचा शेतकरी त्यांच्या गोष्टीतला प्रेक्षक होतो.

या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांनी माथेरान, मानिवली, भिवपुरी आणि सिद्धगड हा क्रम ठेवावा, पावसाळा टाळावा आणि सिद्धगडावर चढायचे असल्यास स्थानिक वाटाड्या घ्यावा, कारण रानातील वाटा फसव्या आहेत. आणि कर्जत, खालापूर किंवा मुरबाड तालुक्यातील ज्या घरांत त्या काळातील धान्यकोठीची वही, खावटीचा रोखा, शाळेची हजेरी किंवा दस्त्यात गेलेल्या माणसाबद्दल घरातल्या वृद्धांनी सांगितलेली हकिगत शिल्लक असेल, त्यांनी ती लिहून काढावी, कागदांची छायाचित्रे घ्यावीत आणि एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी. तो काळ पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या पुढे आहेत.